छोट्या आगगाडीचा सांधा अडतो तेव्हा

आज बोलायचे आहे ते एका खेळण्याविषयी. पण खेळणे म्हटले म्हणून रेडिओचा कान पिळू नका. शाळेच्या विज्ञानखोलीत किंवा एखाद्या हौशी माणसाच्या घरी फळीवर रूळ मांडलेले असतात, त्यांवरून विजेवर चालणारी वीतभर लांबीची आगगाडी फिरत असते, आणि पोरे तिच्याभोवती श्वास रोखून उभी असतात. ही गाडी चार दिवस धावते, पाचव्या दिवशी सांध्यावर अडते, आणि सहाव्या दिवशी कपाटावर जाऊन बसते. पुढे वर्षभर तिच्यावर धूळ साचते. मला सांगायचे आहे ते एवढेच, की ती जेव्हा अडते तेव्हाच तिचा खरा धडा सुरू होतो. शिक्षकाने तेवढी वेळ साधली तर विजेची चार प्रकरणे फळ्यावर न लिहिताही मुलांच्या डोक्यात उतरतात.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. जगात सर्वांत जास्त चालणाऱ्या मापाला एचओ म्हणतात. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी ही गाडी, आणि तिच्या दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. हे अंतर आले कोठून? युरोप-अमेरिकेत खऱ्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागून पाहा, साडेसोळाच येतात. आपल्याकडचा रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर एकोणीसच्या वर उत्तर येते. म्हणजे आपल्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची तर रूळ थोडे फाकवावे लागतील. वर्गात भागाकार शिकवायला याहून गोड उदाहरण कोठले? पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. अशी गाडी, तिचे सिग्नल आणि तिचे सांधे एका जागी मांडले म्हणजे केवढे गाव उभे राहते, ते तिथे गेलेल्या मुलांना विचारावे.

आता वीज. या गाडीच्या इंजिनात छोटी मोटर असते. डाव्या रुळातून वीज चाकात शिरते, चाकातून मोटरमध्ये जाते, आणि उजव्या बाजूच्या चाकातून उजव्या रुळात उतरून परत आपल्या घरी, म्हणजे पुरवठ्याच्या डबीत येते. विजेचा हा फेरा पुरा झाला तर गाडी चालते. कोठेही तुटला तर थांबते. डबीवरचा खटका उलटा केला की डाव्या-उजव्याची अदलाबदल होते आणि गाडी मागे जाऊ लागते. साध्या पद्धतीत हा दाब जास्तीत जास्त १२ व्होल्टचा असतो. दोन्ही रूळ वाटेत मधेच एकमेकांना भेटले, कोणी लोखंडी खिळा आडवा पडला किंवा धातूचे चाक दोहोंना एकदम टेकले, तर वीज मोटरपर्यंत जायच्या आतच आखूड वाटेने परत फिरते. यालाच आपण ‘शॉर्ट झाले’ म्हणतो. तात्पर्य, गाडी अडण्याची कारणे शंभर असली तरी त्यांची कुळे दोनच. एक, फेरा तुटला. दोन, फेरा भलत्या ठिकाणी जुळला. पोरांना हे वाक्य पाठ करायला लावा. बाकीचे त्यातून निघते.

पुढे जाण्याआधी एक ताकीद. भिंतीतल्या प्लगपासून डबीपर्यंतची वीज २३० व्होल्टची असते आणि तिला खेळ ठाऊक नाही. ती डबी मुलांनी उघडायची नाही, शिक्षकांनीही उघडायची नाही. डबी गरम झाली, करपल्याचा वास आला किंवा वायर सोलली असेल, तर प्लग काढावा आणि जाणत्या वायरमनला दाखवावी. आपले सगळे शोधकाम डबीच्या पलीकडे, बारा व्होल्टांच्या बाजूला चालायचे. आणि खेळातल्या रुळांना हात लावतो म्हणून खऱ्या रुळांकडे मुलांनी फिरकू नये, हेही आजच सांगून ठेवा. खऱ्या मार्गावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला प्रत्यक्ष हात लागायचीही गरज नसते. नुसते जवळ गेले तरी ती धरते.

बरे, गाडी अडली. पहिल्याने काय करायचे? बहुतेक घरांत पहिल्याने करतात ते असे, की एक जण रूळ हलवतो, दुसरा इंजिनाला चापट मारतो, तिसरा सगळ्या वायरी उपटून पुन्हा खोचतो. गाडी कधी कधी चालूही लागते. पण का चालली ते कोणालाच कळत नाही, म्हणून ती उद्या पुन्हा अडते. तेव्हा नियम हा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी ‘असे केल्यावर काय होईल’ हे तोंडाने बोलायचे. वाटल्यास एका मुलाला ते वहीत लिहायला बसवा.

शोध तीन टप्प्यांनी करावा. वीज डबीतून निघते का? ती रुळापर्यंत पोचते का? रुळावरची वीज इंजिन घेते का? यासाठी मोठी यंत्रे नकोत. मोटारीच्या दिव्यात असतो तसला १२ व्होल्ट, ५ वॅटचा, आत तंतू असलेला एक छोटा दिवा आणा आणि त्याला दोन हातभर वायरी जोडा. डबीच्या दोन टोकांना त्या टेकवल्यावर दिवा लागला, तर डबी बरी. रुळांवर टेकवल्यावर लागला, तर रुळापर्यंत वीज आहे. तिथेच इंजिन ठेवून चालत नसेल, तर दोष इंजिनाचा. तीन प्रश्न, तीन उत्तरे. दोन मिनिटांचे काम.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेत मीटर आहे, मग दिवा कशाला? इथे एक गंमत आहे, ती ध्यानात ठेवा. मीटर विजेचा नुसता वास घेतो. त्याला जवळजवळ प्रवाह लागतच नाही. जोड मळलेला असला तरी मीटरचा आकडा बारा व्होल्ट दाखवतो, कारण एवढासा प्रवाह मळातूनही झिरपतो. इंजिन ठेवले की त्याला पाव-अर्धा अँपिअर हवा असतो, आणि तेवढा त्या मळक्या जोडातून येत नाही. आपला पाच वॅटचा दिवा जवळजवळ इंजिनाइतकाच, चार दशांश अँपिअर, प्रवाह ओढतो. म्हणून तो मंद झाला की समजावे, वाटेत कोठे तरी अडचण आहे. नळाला पाणी आहे का ते पाहायला बोट ओले करून भागत नाही, घागर लावावी लागते, तसेच हे. एलईडीचा दिवा मात्र यासाठी घेऊ नका, त्यालाही थोड्यावरच भागते.

रुळांवर वीज काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही, असे निघाले तर पहिला संशय मळावर धरावा. आपल्याकडे धूळ काय कमी आहे? त्यात चाकांच्या ठिणग्यांची काजळी, वंगणाचे थेंब आणि पोरांच्या बोटांचा चिकटा मिसळला की रुळावर काळसर थर बसतो. डबी बंद करावी, मऊ सुती कापड आयसोप्रोपिल स्पिरिटमध्ये किंचित भिजवावे आणि रुळाचा माथा पुसावा. स्पिरिट पेट घेते, म्हणून ते वाळेपर्यंत वीज लावू नये आणि जवळ दिवा-काडी नसावी. पॉलिशपेपरने घासण्याचा मोह आवरा. त्याचे ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्यांतच मुक्काम करतो. भांड्यांना लावतात ती लोखंडी जाळीची घासणीही नको, तिचे बारीक तुकडे मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात. चांगले रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी अंगात नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण. रुळांबरोबर इंजिनाची चाकेही पुसली पाहिजेत, हे मात्र बहुतेक जण विसरतात.

पुसूनही भागले नाही, तर जोड पाहावेत. दोन रूळ जिथे मिळतात तिथे पत्र्याची छोटी पन्हळ असते. ती रुळांना सरळ धरते आणि वीजही पुढे नेते. काढघाल करून ती सैल झाली की विजेचे काम सोडून देते. बारीक चिमट्याने ती हलकेच दाबावी. पण कायमचा इलाज निराळा आहे. सगळ्या मार्गाला एकाच ठिकाणी वीज देऊन ती वीस जोडांतून नेत बसण्यापेक्षा फळीखालून दोन जाड वायरी फिरवाव्यात आणि तीन-चार रुळांआड वर एकेक फाटा द्यावा. गावच्या पाटाला जशा ठिकठिकाणी चाऱ्या काढतात, तसे. मग टोकाच्या रानालाही पाणी मिळते. फाटा रुळाला डाख देऊन जोडावा. डाखासाठी राळ वापरावी, नवसागर किंवा आम्ल वापरू नये. कल्हईवाल्याचा नवसागर भांड्याला चालतो, पण बारीक तारेवर राहिला तर ती महिन्या-दोन महिन्यांत हिरवी पडून खाऊन जाते.

आता शॉर्टची गोष्ट. डबीचा कटाऊट पुनःपुन्हा पडतो, सगळे बंद होते. अशा वेळी आधी रुळांवरची सगळी इंजिने आणि डबे उचलावेत. एखाद्या डब्याचे चाक फिरून शॉर्ट करीत असते. मग पडलेली टाचणी, खिळा, वायरीचा तुकडा शोधावा. तरीही कटाऊट पडतो? मग अर्धे-अर्धे करा. समजा, तुमच्या लंबगोलात सोळा रूळ आहेत. तो दोन ठिकाणी उकला. आठ एकीकडे, आठ दुसरीकडे. एका अर्ध्याला वीज द्या. कटाऊट पडला तर दोष याच आठांत, नाही पडला तर दुसऱ्या आठांत. आठांचे चार, चारांचे दोन, दोनांचा एक. चार चाचण्यांत सोळांतला गुन्हेगार हाती लागतो. बत्तीस असते तर पाच चाचण्या पुरल्या असत्या. एकेक रूळ तपासत बसणारा माणूस कदाचित सोळाव्यावर पोचेल. ही युक्ती पंपाच्या वायरीला, शेतातल्या फुटलेल्या पाइपाला आणि हिशेबातल्या चुकीलाही लागू पडते.

आता येऊ या सांध्याकडे. खऱ्या रेल्वेत सांधेवाला हे मोठ्या जबाबदारीचे पद; छोट्या रेल्वेतही सगळी भांडणे सांध्यावरच होतात. एक वाट येते आणि दोन होतात, तो सांधा. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. एक, दोन सरकती पाती. ती डावीकडे सरकली की एक वाट, उजवीकडे सरकली की दुसरी. दोन, पुढे जिथे एका वाटेचा डावा रूळ दुसऱ्या वाटेच्या उजव्या रुळाला छेदतो ती टोकदार जागा. कारागीर तिला फ्रॉग म्हणतात. तीन, फ्रॉगसमोर बाहेरच्या रुळाला लागून असलेला आखूड रूळ, चेक रेल. चाक भलतीकडे जाऊ नये म्हणून तो चाकाला आतून धरून ठेवतो.

गाडी सांध्यावर घसरत असेल, तर दोष सांध्याचा की डब्याचा हे आधी ठरवावे. एकच डबा घ्या आणि हाताने सावकाश ढकला. तो डबा सगळ्याच सांध्यांवर पडत असेल तर दोष डब्याचा. सगळे डबे एकाच सांध्यावर पडत असतील तर दोष सांध्याचा. केवढी साधी गोष्ट, पण हिने निम्मे वाद मिटतात. डब्याचा दोष बहुधा चाकांचा असतो. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर सुमारे साडेचौदा मिलिमीटर हवे. चाके आत सरकली किंवा बाहेर फाकली की ती फ्रॉगवर चढतात. सांध्याचा दोष असेल तर पात्याकडे पाहा. खडीचा एक कण मधे अडकला तरी पाते शेजारच्या रुळाला चिकटून बसत नाही, आणि त्या फटीत चाकाची कड शिरते. दुसरे कारण म्हणजे खिळा. फळीवर सांधा बसवताना खिळा जोरात ठोकला की सांधा मधे खचतो आणि पीळ पडतो. खिळा थोडा सैल करा. पट्टी आडवी ठेवून पाहिली की पीळ लगेच दिसतो.

गाडी घसरत नाही, पण सांध्यावर येऊन मरते, असे असेल तर फ्रॉगची वीज पाहावी. तिथे डावा आणि उजवा रूळ एकमेकांना छेदतात, म्हणजे फेऱ्याची जाणारी आणि येणारी बाजू समोरासमोर येतात. दोन्ही टेकल्या तर शॉर्ट ठरलेलाच. कारखानदारांनी यावर दोन तोडगे काढले. पहिला, फ्रॉग प्लॅस्टिकचा करायचा. मग शॉर्ट टळतो, पण तेवढ्या जागेत वीज नसते, आणि आखूड इंजिनाची वीज घेणारी सगळी चाके एकदम तिथे आली की ते थांबते. गाडी किंचित वेगाने नेली की ते ओलांडते, किंवा जास्त चाकांतून वीज घेणारे इंजिन वापरावे. अशा सांध्यावर कधी ठिणगी उडते, ती प्लॅस्टिकच्या पुढे दोन रूळ जिथे जवळ येतात तिथे रुंद चाक दोहोंना टेकल्याने. त्या रुळांच्या टोकांवर नखे रंगवायच्या पॉलिशचा एक हात द्या, तेवढ्यानेच भागते. पॉलिश झिजले की पुन्हा लावावे.

दुसरा तोडगा, फ्रॉग धातूचाच ठेवायचा आणि पाते जिकडे सरकेल तिकडची वीज त्याला द्यायची. हा सांधा गुळगुळीत चालतो, पण त्याची दोन पथ्ये आहेत. पाते आणि रूळ जिथे टेकतात ती जागा स्वच्छ हवी, कारण फ्रॉगची वीज तिथूनच जाते. खात्री हवी तर सांध्याबरोबर फिरणारा एक छोटा खटका खाली लावून वीज त्यातून द्यावी. दुसरे पथ्य, फ्रॉगपुढे निघणाऱ्या दोन आतल्या रुळांना पुढून कोठून वीज मिळत असेल, तर फ्रॉगजवळ त्यांत प्लॅस्टिकचे जोड घालून त्यांना वेगळे करावे. स्थानकात असते तशी बाजूची मार्गिका, म्हणजे दोन टोकांना दोन सांधे, मांडलीत आणि एक सांधा सरळ, दुसरा वळता राहिला की असा मार्ग शॉर्ट होतो. मुले म्हणतात, सकाळी चालत होते, आता का नाही? कारण सकाळी दोन्ही सांधे एकमताने वागत होते.

आणखी एक सापळा फार हुशार माणसांनाही अडकवतो. रूळ गोल वळवून त्याच वाटेवर परत आणला, म्हणजे गाडी उलट तोंडाने माघारी येईल असा फास केला, की दोन रूळ आपोआप एकमेकांना मिळतात. बोट ठेवून पाहा. डाव्या रुळावर बोट ठेवून फासातून फिरत या, बोट परत येते ते उजव्या रुळावर. इथे मळ नाही, सैल जोड नाही, सगळे नवे कोरे असूनही शॉर्ट; कारण तो रचनेतच आहे. फासाचा एक तुकडा, गाडीच्या लांबीहून मोठा, दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडून वेगळा करावा आणि त्याला दिशा बदलणारा स्वतंत्र खटका द्यावा. आता संगणकाच्या जातीच्या अंकीय पद्धतीत प्रत्येक इंजिनात छोटी चिप असते आणि तिथे हे काम आपोआप करणारी डबीही मिळते. पण त्या पद्धतीतही दोन रूळ भेटले की शॉर्ट व्हायचा तो होतोच, आणि एकाच्या शॉर्टने सगळ्या गाड्या थांबतात.

विजेने सरकणारा सांधा असेल तर त्याखाली दोन गुंडाळ्या असतात. बटण दाबले की एका गुंडाळीत क्षणभर वीज जाते आणि ती लोखंडी दांडी ओढून घेते. क्षणभर, हा शब्द महत्त्वाचा. बटण दाबूनच धरले किंवा ते अडकून बसले, तर गुंडाळी तापते आणि करपते. नुसता ‘टक्’ होतो पण पाते पुरे सरकत नाही, असे असेल तर आधी बोटाने पाते हलवून पाहा. ते अडकत असेल तर विजेला दोष देऊ नका. मोकळे हलत असेल तर वायर बारीक असावी. या गुंडाळीला क्षणभर तीन-चार अँपिअर लागतात. सांधा पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर झाली. ०.२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत या दहा मीटरांचा अडथळा पाऊण ओहमहून अधिक होतो. चार अँपिअरला सुमारे साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सोळा व्होल्ट निघाले, पोचले साडेबारा. वायर ०.५ ची घेतली तर खर्च दीड व्होल्टाच्या आत येतो. यावर आणखी एक उपाय म्हणजे कपॅसिटर. तो सावकाश भरतो आणि बटण दाबताच सगळी वीज एकदम सोडतो, त्यामुळे धक्का जोराचा बसतो. बटण दाबून धरले तरी कपॅसिटर रिकामा झालेला असतो, म्हणून गुंडाळीही वाचते.

आपल्या हवेपुरते एक सांगतो. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरते आणि फुगते, उन्हाळ्यात रूळ वाढतात. श्रावणात चाललेला मार्ग वैशाखात वाकडा होतो तो यामुळे. म्हणून दर काही रुळांआड नखभर फट ठेवावी, फळीला खालूनही रंग द्यावा, आणि चातुर्मासात तिला जुन्या धोतराखाली झाकून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी आणि वायरींचा नकाशा वहीत काढावा. वायर बदलली की चिठ्ठीही बदलावी, त्याच दिवशी.

ही चिठ्ठीची गोष्ट क्षुल्लक वाटते. ती क्षुल्लक का नाही, ते आता सांगतो.

खऱ्या रेल्वेत रुळांतून बारीक वीज सोडून गाडी कोठे आहे ते ओळखतात. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली ही युक्ती बसवली. रुळाच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असला की रिले ओढलेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिचे चाक आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज मधूनच परत फिरते, रिले सुटतो, सिग्नल लाल. आपल्या खेळात जो शॉर्ट म्हणजे बिघाड, तोच तिथे पहारेकरी! आणि याहून मोठी खुबी पुढे आहे. वायर तुटली, बॅटरी संपली, रूळ मोडला, तरीही रिले सुटतोच आणि सिग्नल लालच होतो. बिघडायचेच तर सुरक्षित बाजूला बिघडावे, हे त्या योजनेचे मर्म आहे.

पण माणसाच्या हातून वायरच भलत्या जागी जोडली गेली तर? २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बालासोर जिल्ह्यातील बहानगा बाजार स्थानकात चेन्नईकडे जाणारी कोरोमंडल एक्सप्रेस आली. तिला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल होता. सांधा मात्र बाजूच्या मार्गिकेकडे वळलेला होता, आणि तिथे मालगाडी उभी होती. एक्सप्रेस तिच्यावर आदळली, डबे शेजारच्या मार्गावर पडले, आणि समोरून येणारी हावड्याची गाडी त्यांत सापडली. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा, की सिग्नलच्या वायरिंगमध्ये पूर्वी केलेले बदल आणि त्या दिवशी फाटकाजवळ चाललेले काम यांत चुका झाल्या होत्या. पेटीतल्या वायरींवरच्या खुणा चुकीच्या होत्या आणि त्या कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आल्या नव्हत्या. सांधा एकीकडे होता आणि यंत्रणा सांगत होती दुसरे. एका चिठ्ठीची किंमत केवढी असते, ते यावरून ओळखावे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गातली पोरे उद्या वायरमन होतील, पंप दुरुस्त करतील, सिग्नलखात्यात जातील, एखादी मुलगी इस्पितळातली यंत्रे सांभाळील. त्या वेळी त्यांनी नकाशा पाहिल्याशिवाय वायर हलवू नये, हलवली तर लिहून ठेवावे, आणि काम झाल्यावर सांधा खरोखर जिकडे आहे तिकडेच दाखवतो की नाही, हे डोळ्यांनी पाहून मगच ‘झाले’ म्हणावे, ही सवय लागायला हवी. सवय लागायचे वय हे आहे, आणि साधन म्हणाल तर वीतभर गाडी पुरते. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात १९४६ पासून मुलांचे एक छोट्या रेल्वेचे मंडळ आहे. टेबलाखाली टेलिफोनचे रिले आणि वायरींचे जंगल उभे करणारी तिथली पोरे १९५९ च्या सुमारास विद्यापीठातल्या संगणकाकडे वळली, आणि संगणकाच्या कामाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली. ती काही आभाळातून पडली नव्हती. आपली गाडी का अडली, हे शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हते, इतकेच.

गाडी नसेल तर काय करायचे, असेही कोणी विचारील. एक बॅटरी, एक दिवा, दहा वायरीचे तुकडे आणि एक खटका फळीवर जोडा. मुलांना बाहेर पाठवून त्यात एक दोष मुद्दाम करा. एखादा जोड मळवा, एखादी वायर आतून तोडा. मग त्यांना आत बोलावून फक्त दोन गोष्टी सांगा, एका वेळी एकच बदल करायचा आणि करण्याआधी बोलून दाखवायचे. उत्तर तुम्ही सांगू नका. तास संपला तरी चालेल. घंटा झाल्यावरही त्या फळीभोवती चार पोरे थांबली, तर तुमचा धडा झाला असे समजा.

आणि कपाटावरची ती गाडी आज खाली काढा. आधी धूळ पुसा, मग दिवा लावून पाहा.